मोकाट कुत्र्यांचे जंत आणि गावाचं आरोग्य: विदर्भातल्या गावासाठी निगराणीची पद्धत

गावात मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला की बोलणं चाव्यावर आणि रेबीजवर येऊन थांबतं. ते रास्तच आहे, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण कुत्रं न चावताही माणसाला आजार देतं, आणि तो आजार कुठून आला हे घरच्यांना कळत नाही, बरेचदा डॉक्टरांनाही कळत नाही. अंगणवाडीमागच्या मातीत खेळणारं लेकरू, अनवाणी निंदणाला जाणारी बाई, हात न धुता शिदोरी सोडणारा गुराखी, या सगळ्यांपर्यंत कुत्र्याच्या पोटातले जंत मातीवाटे पोचतात. चाव्याची नोंद दवाखान्यात होते. या मातीची नोंद गावातल्या कुठल्याच रजिस्टरात नसते. ती सुरू कशी करायची आणि चालू कशी ठेवायची, ते इथं पायरी-पायरीनं सांगतो आहे.

पशुधन पर्यवेक्षक, आरोग्य सेवक, आशाताई, शाळेचे गुरुजी, ग्रामपंचायत सदस्य आणि गावासाठी काही करू पाहणारी तरुण मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. यातलं सूक्ष्मदर्शकाचं आणि औषधाच्या मात्रेचं काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच व्हावं. बाकीचं बहुतेक काम गावकरी स्वतः करू शकतात.

आधी शोधायचं काय, ते ठरवा

कुत्र्याच्या पोटात कितीतरी परोपजीवी सापडतात. सगळ्यांच्या मागं लागलं तर एकाचंही धड होत नाही. विदर्भातल्या खेड्यानं माझ्या मते तिघांवर डोळा ठेवावा: गोलकृमी, अंकुशकृमी आणि हायडॅटिडचा पट्टकृमी.

गोलकृमी म्हणजे टॉक्सोकॅरा कॅनिस. याचा जोर पिल्लांत, कारण आईच्या पोटात असतानाच अळ्या पिल्लाच्या अंगात उतरतात. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात, आणि जंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. अंडं पडल्या-पडल्या मात्र धोक्याचं नसतं. त्यात अळी तयार व्हायला मातीत साधारण दोन ते चार आठवडे जातात. एकदा ती तयार झाली की सावलीतल्या ओलसर मातीत ते अंडं वर्षानुवर्षं टिकतं. लेकराच्या पोटात गेलं की अळी आतड्यातून बाहेर पडून यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात जाते. रेंगाळणारा ताप, खोकला, वाढलेलं यकृत, रक्तात वाढलेले इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी), आणि वाईटात वाईट म्हणजे एका डोळ्याची अधू झालेली नजर, अशी याची लक्षणं असतात.

अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी आहे. त्याची अंडी उबदार ओलाव्यात फुटतात आणि आठवडाभरात अळी माणसाच्या कातडीतून शिरण्याच्या तयारीत असते. पायाच्या कातडीखाली ती रोज थोडी थोडी सरकते आणि मागं लाल, नागमोडी, झोप उडवणारी खाज असलेली रेघ सोडते. कुत्र्यातल्या अंकुशकृमीची सिलॅनिकम ही जात तर माणसाच्या आतड्यातही वाढते आणि रक्त पिते. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे तिच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

तिसरा हायडॅटिडचा पट्टकृमी, म्हणजे इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. लांबी जेमतेम काही मिलिमीटर, कुत्र्याला त्याचा त्रासही दिसत नाही. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात याच्या पाण्यानं भरलेल्या गाठी होतात, त्यांनाच हायडॅटिड म्हणतात. ते कच्चं यकृत कुत्र्यानं खाल्लं की साधारण सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. ही अंडी पडताक्षणीच संसर्ग देऊ शकतात, आणि गोलकृमीपेक्षा इथं सगळ्यात मोठा फरक हाच आहे. माणसाच्या पोटात ती गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात गाठ धरते, वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, आणि शेवटी बरेचदा शस्त्रक्रियेवर जाते. गाठ आत फुटली तर अंगावर जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते.

इथं एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. गाठ असलेल्या बोकडाचं मटण खाल्ल्यानं माणसाला हायडॅटिड होत नाही. माणसाला तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतूनच होतो. तसंच पूर्व विदर्भात हत्तीरोगाचं नाव निघालं की कुणीतरी कुत्र्याकडं बोट दाखवतं. आपल्याकडचा हत्तीरोग माणसाकडून डासामार्फत माणसाकडं जातो, कुत्र्याचा त्यात काही संबंध नाही.

याशिवाय शेपटीखाली काकडीच्या बीसारखे हलणारे तुकडे दिसले तर तो पिसवांमुळे होणारा डिपायलिडियम नावाचा पट्टकृमी. लूत, गोचीड, पिसवा किती कुत्र्यांच्या अंगावर दिसतात तेही लिहून ठेवा, पण निगराणीचा मुख्य जोर वरच्या तिघांवरच असू द्या.

ग्रामसभा, परवानगी आणि हाताखालची माणसं

पहिल्यांदा विषय मांडला की कुणीतरी म्हणतंच, "काऊन बाप्पा, आता कुत्र्याची घाणही तपासता का?" त्यावर चिडू नका. अंगणवाडीत जाणाऱ्या लेकरांपासून बोलायला सुरुवात करा, लोक ऐकतात. ग्रामसभेत किंवा मासिक सभेत ठराव घ्या आणि त्यात तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या: नमुने कोण गोळा करणार, ते कुठल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणार, आणि जंत निघाले तर औषधाचा व खड्ड्यांचा खर्च कशातून होणार. तिसऱ्या मुद्द्यावर उत्तर मिळेपर्यंत काम सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. नुसते आकडे गोळा करून गावाला घाबरवलं तर कुणीतरी रात्री भाकरीत विष कालवून ठेवतं. ते क्रूर आहे, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० प्रमाणे गुन्हा आहे, आणि निरुपयोगीही आहे, कारण रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या शिवारातली, जंताचं औषध न मिळालेली कुत्री येऊन बसतात.

कायद्यानं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरणाच्या जोडीला जंतनाशक औषधाचाही उल्लेख आहे. पंचायतीत "हे आपलं काम नाही" असा सूर निघाला तर हे दाखवायला उपयोगी पडतं.

या निगराणीसाठी कुत्रं पकडावं लागत नाही. विष्ठा जमिनीवरून उचलायची, फोटो लांबून काढायचे. तरीही कुत्र्यांच्या वावरात रोज जाणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. कुणाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

नकाशा काढा, जागा पक्क्या करा

वहीच्या दोन पानांवर मावेल असा गावाचा हातनकाशा पुरे. त्यावर आधी लेकरं कुठं मातीत बसतात ते दाखवा: अंगणवाडीचं आवार, जिल्हा परिषद शाळेचं मैदान, पाराखालची सावली, घरकुलांच्या कामासाठी पडलेले रेतीचे ढीग. मग कुत्री कुठं खातात ते दाखवा: आठवडी बाजारातली मटणाची रांग, उकिरडे, लग्नाच्या पंगतींची उष्टी टाकायची जागा, आणि गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तो भाग. शेवटची जागा सोडू नका. पूर्वी मेलेलं ढोर गिधाडं काही तासांत साफ करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळं गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण गिधाडांची संख्या पूर्वीसारखी झाली नाही. आता त्या ढोरावर कुत्री दिवसेंदिवस असतात, आणि यकृत-फुप्फुसं आधी तीच ओढतात.

या सगळ्यांतून सहा ते आठ जागा निवडा आणि त्या बदलू नका. यंदा एका जागेचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच जागेचा नमुना घेतला तर तुलना करता येत नाही. ताडोबा किंवा मेळघाटच्या कडेच्या गावांनी वेशीबाहेरची विष्ठा उचलताना कोल्हा, लांडगा यांचीही असू शकते हे ध्यानात ठेवावं. शंका आली तर तो नमुना सोडून द्यावा.

फेऱ्या वर्षाला तीन. पहिली मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, पावसाच्या आधी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उघड्या जमिनीवरच्या अंकुशकृमीच्या अळ्या वाळून मरतात. म्हणजे या फेरीत जे सापडतं ते कुत्र्याच्या पोटातलं असतं, आणि पावसाळ्यात जमिनीत काय पसरणार आहे याचा अंदाज येतो. दुसरी फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात: काळी माती ओल धरून असते, निंदण-वेचणीला बाया अनवाणी असतात, अंकुशकृमीचे दिवस हेच. तिसरी जानेवारीत, कारण आपल्याकडे बऱ्याच कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटाला माजावर येतात, ६३ दिवसांच्या आसपास गाभण राहतात आणि थंडीत वितात. जानेवारीत गल्लोगल्ली पिल्लं असतात आणि गोलकृमीची अंडी सगळ्यात जास्त तेव्हाच पडतात. पैसे नाहीत, माणसं नाहीत, एकच फेरी जमणार असेल तर ही जानेवारीची घ्या.

कुत्री मोजायची कशी

गावात किती कुत्री, हे कुणालाच माहीत नसतं. पाटील म्हणतील शंभर, कोतवाल म्हणेल पन्नास. मोजल्याशिवाय औषध किती मागवायचं ते कळत नाही.

दोन तरुण पहाटे साडेपाच ते सात या वेळात ठरलेल्या वाटेनं सगळं गाव फिरतील आणि दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याचा मोबाइलवर फोटो काढतील. रंग, ठिपके, नर की मादी, दुधावरची आहे का, कानाला खाच आहे का हे लिहायचं. कानाची खाच म्हणजे नसबंदी झालेलं कुत्रं. दोन दिवसांनी त्याच वाटेनं, त्याच वेळी पुन्हा फिरायचं. समजा पहिल्या दिवशी २४ कुत्री दिसली, दुसऱ्या दिवशी २० दिसली आणि त्यातली १२ पहिल्या दिवसाच्या फोटोंत होती. मग २४ गुणिले २० भागिले १२, म्हणजे गावात साधारण ४० कुत्री. हा आकडा अगदी नेमका नसतो, पण गोळ्यांची मागणी करायला पुरेसा असतो. घरची म्हणवणारी पण दिवसभर बाहेर हिंडणारी कुत्री यातच धरा, जंताच्या हिशेबात ती मोकाटच.

नमुना उचलताना

सकाळी सहाच्या सुमाराला निघा, ऊन चढायच्या आत परत या. सोबत रबरी हातमोजे, मास्क, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, घट्ट झाकणाच्या डब्या, शिसपेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या, बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्मोकोलचा डबा आणि कचऱ्यासाठी जाड पिशवी हवी. उपकेंद्रातला लसीचा डबा यासाठी कुणी देऊ केला तरी घेऊ नका. लेकरांच्या लसी त्यातूनच जातात.

विष्ठा ताजी हवी: ओलसर, चकाकी असलेली, माशा नुकत्याच बसू लागलेली. वाळलेली पांढरी विष्ठा तपासणीच्या कामाची नाही. काडीनं वरचा आणि मधला भाग घ्या, जमिनीला टेकलेला भाग सोडा, कारण मातीतले मोकळे फिरणारे सूक्ष्म कृमी त्यात चढतात आणि अंकुशकृमीच्या अळ्या म्हणून फसवतात. चमचाभर, साधारण दहा ग्रॅम पुरे. प्रत्येक ढिगाला नवी काडी. चिठ्ठीवर जागा, तारीख, क्रमांक शिसपेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई अल्कोहोलनं पुसते. पिल्लाची विष्ठा आहे हे कळत असेल तर तशी खूण करा. पिल्लांचा हिशेब वेगळा ठेवायचा आहे.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक भाग तसाच बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायचा. उन्हाळ्यात उशीर झाला तर अंकुशकृमीची अंडी वाटेतच फुटतात. फ्रीजरमध्ये गोठवूही नका, अंड्यांचा आकार बिघडतो. दुसरा भाग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. पट्टकृमीची शंका आली तर याच्यावर पुढं पीसीआर तपासणी (जंताच्या डीएनएवरून त्याची जात ओळखणारी) करता येते. त्याच दिवशी पोचणं अशक्यच असेल तर पहिल्या भागावर तिप्पट-चौपट १० टक्के फॉर्मेलिन (नमुना टिकवणारं रसायन) घाला, पण फॉर्मेलिनमधल्या नमुन्यावर पीसीआर नीट होत नाही. आणि अल्कोहोल काय, फॉर्मेलिन काय, जंताची अंडी त्यात मेली असं समजून हातमोजे काढू नका.

किती नमुने? गावातल्या विष्ठेच्या दहांत एका ढिगात एखादा जंत असेल, तर तो एकदा तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री व्हायला २९ नमुने लागतात. वीसांत एका ढिगात असेल तर ५९. म्हणून एका फेरीला किमान ३० नमुने घ्या, सगळ्या जागांवर वाटून. जमिनीवरून उचललेल्या विष्ठेवरून कुठलं कुत्रं आजारी ते कळत नाही, आणि ते कळायची गरजही नाही. आपल्याला ती जागा कितपत दूषित आहे ते हवं आहे.

मिठाच्या पाण्याची तपासणी

जंताच्या अंड्यांची तपासणी फार महागडी नाही. साधा सूक्ष्मदर्शक, मीठ, चहाची गाळणी, परीक्षानळ्या आणि काचपट्ट्या, एवढ्यावर ती होते.

लिटरभर पाणी तापवून त्यात मीठ घालत राहा. साधारण ३५० ते ४०० ग्रॅमला मीठ विरघळायचं थांबतं आणि तळाला खडे उरतात. थंड करून गाळून घ्या. या द्रावाची घनता १.२० च्या आसपास असते, आणि गोलकृमी-अंकुशकृमीची अंडी त्याहून हलकी म्हणून वर तरंगतात. तीन ग्रॅम विष्ठा या द्रावात नीट कालवा, गाळणीतून गाळा, नळी काठोकाठ भरा, इतकी की द्राव कडेच्या वर किंचित फुगलेला दिसेल. त्यावर अलगद कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) ठेवा, बुडबुडा अडकू देऊ नका. १५ मिनिटांनी कव्हरस्लिप सरळ वर उचलून काचपट्टीवर ठेवा आणि लगेच पाहा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला तर अंडी मिठानं चेपली जातात. दवाखान्यात सेंट्रिफ्यूज (नळ्या जोरात फिरवणारं यंत्र) असेल तर तेच वापरा, थोडा संसर्ग असलेले नमुने त्यात जास्त सापडतात. फॉर्मेलिनमधला नमुना असेल तर आधी पाण्यानं धुऊन घ्या.

आधी १० च्या भिंगाखाली सगळी कव्हरस्लिप ओळीओळीनं पाहायची, शंका आली की ४० च्या भिंगाखाली. गोलकृमीचं अंडं गोल, गडद तपकिरी, जाड कवचाचं, कवचावर बारीक खळगे. अंकुशकृमीचं लांबट गोल, पातळ कवचाचं, आत पेशींचा पुंजका आणि भोवती मोकळी जागा. पट्टकृमीचं या दोघांपेक्षा लहान, साधारण ३० ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गोल, आणि कवचावर मध्यापासून कडेकडं जाणाऱ्या रेषा. नीट फोकस केलं तर आतल्या भ्रूणाचे बारीक आकडे दिसतात, एकूण सहा.

हे शेवटचं अंडं दिसलं की थांबा. इकायनोकॉकस आणि टीनिया (कुत्र्यातलेच दुसरे पट्टकृमी) यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येत नाहीत, भल्याभल्या तज्ज्ञांनाही नाही. रजिस्टरात "टीनिया गटातलं अंडं" एवढंच लिहा, अल्कोहोलमधला भाग नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेच्या परोपजीवीशास्त्र विभागाशी बोलून तिकडं पाठवा, आणि निकाल येईपर्यंत तो इकायनोकॉकसच आहे असं धरून वागा. वापरलेल्या काड्या, डब्या, हातमोजे जाळा किंवा पाण्यात चांगले उकळा. साध्या फ्रीजरच्या थंडीनं ही अंडी मरत नाहीत, त्यासाठी उणे ७० ते ८० अंशांचा फ्रीजर आणि बरेच दिवस लागतात.

आणखी एक फसगत खेड्यात हमखास होते. कुत्री माणसाची आणि डुकराचीही विष्ठा खातात. त्यामुळं माणसाच्या गोलकृमीची अंडी कुत्र्याच्या आतड्यातून नुसती प्रवास करून बाहेर पडतात. असं अंडं सापडलं तर कुत्र्याला तो जंत आहे असं लिहू नका. त्यातून गावात अजून कुणीतरी उघड्यावर बसत असावं एवढं कळतं, ते आरोग्य सेवकाला सांगा. आणि दर दहा काचपट्ट्यांमधली एक दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचा निकाल न सांगता, पुन्हा तपासून घ्या.

खाटकाकडची वही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच आहे. कुत्र्याच्या विष्ठेत हायडॅटिडची अंडी शोधणं अवघड, पण बोकडाच्या यकृतातली गाठ उघड्या डोळ्यांना दिसते. ती यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पृष्ठभागावर फुगून आलेली असते, रंगानं पांढरट, दाबली तर टणक आणि आत पाणी. खाटीक तिला पाण्याचा फोड म्हणतो. गाठ उघडी पडली की आतून स्वच्छ पाणी आणि पांढरा, लवचीक पापुद्रा निघतो.

बाजारातल्या मटण विक्रेत्याशी बसून बोला, उत्तर जवळपास सगळीकडं एकच येतं: "थे माणसाले थोडीच विकतो आमी, थे कुत्र्याले टाकून देतो." तो प्रामाणिकपणे बोलतो. गिऱ्हाइकाला खराब माल देऊ नये म्हणूनच तो असं करतो. आणि नेमक्या याच ठिकाणी जंताचं चक्र पूर्ण होतं. त्याला दोष देऊ नका, समजावून सांगा. एकदा कळलं की बहुतेक जण ऐकतात, कारण बाजारातल्या त्या कुत्र्यांमध्ये त्यांचीही लेकरं हिंडत असतात.

त्याच्याकडं एक साधी वही ठेवा. चार रकाने: तारीख, कापलेली जनावरं, गाठ असलेली जनावरं, गाठ यकृतात की फुप्फुसात. लिहिणं जमत नसेल तर रेघा ओढल्या तरी चालेल. धुळवड, पोळ्याची कर, नवस-जत्रा या दिवशी घरोघरी बोकड कापले जातात, तेव्हा दोन जण फिरून नोंद घेतील असं आधीच ठरवा. जनावर कुठल्या गावचं हेही विचारा. बाहेरगावच्या बाजारातून आलेल्या बोकडाची गाठ आपल्या गावाच्या खात्यावर धरायची नसते.

गाठीचे अवयव टाकायला बाजाराजवळ झाकणाचा खोल खड्डा पंचायतीनं करून द्यावा. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड किंवा काँक्रीटचं झाकण हवंच. मेलेलं ढोरही खोल पुरावं. हा खड्डा नसेल तर कुत्र्यांना कितीही गोळ्या द्या, दोन महिन्यांत पुन्हा तेच.

माणसांकडची खबर

आशाताईंना चार गोष्टी लक्षात ठेवायला सांगा. पायावर किंवा मांडीवर सरकणारी, नागमोडी, खाजरी रेघ. माती खाणारं लेकरू आणि त्यात ताप-खोकला रेंगाळलेला. एका डोळ्यानं कमी दिसणं, नवा तिरळेपणा किंवा बुबुळात पांढरी चमक. उजव्या कुशीत जडपणा आणि सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ. अशा पेशंटला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवताना चिठ्ठीवर "घरी किंवा शेजारी कुत्री, पिल्लं आहेत" एवढं एक वाक्य लिहा. डॉक्टरांच्या मनात हा आजार येण्यासाठी ते वाक्य फार उपयोगी पडतं. गाठीत सुई घालून पाणी काढायचा सल्ला कुणी परस्पर दिला तर ऐकू नका. ते काम मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञांचं, नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला इथं त्यासाठी जावं.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी लेकरांनी घ्यावीच. पण ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे. अंगात भटकणाऱ्या कुत्र्याच्या गोलकृमीवर त्या एका गोळीची भिस्त ठेवता येत नाही.

निकाल हातात आल्यावर

समजा ३० नमुन्यांत ९ मध्ये अंकुशकृमी निघाला. ३० टक्के लिहायला हरकत नाही, पण इतक्या कमी नमुन्यांत खरा आकडा साधारण १५ ते ४९ टक्क्यांमध्ये कुठंही असू शकतो. पुढच्या फेरीत ९ चे ७ झाले म्हणून "जंत घटले" असं जाहीर करू नका. सलग तीन-चार फेऱ्या, त्याच महिन्यांच्या, एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच बोला. जागेप्रमाणे मात्र लगेच वागा: अंगणवाडीच्या आवारात एका जरी नमुन्यात गोलकृमी निघाला तरी ते आवार धोक्याचं समजा.

तिथं करायचं काम साधं आहे. रोज सकाळी सेविका यायच्या आधी विष्ठा उचलून पुरायची. गोलकृमीच्या अंड्याला अळी धरायला दोन आठवडे लागतात आणि अंकुशकृमीला आठवडा, म्हणजे रोज उचललेली विष्ठा या दोघांना वेळच देत नाही. आवाराला जाळी किंवा काटेरी कुंपण, रेतीच्या ढिगावर ताडपत्री. फिनाइल, ब्लीचिंग पावडर यावर पैसे घालवू नका, गोलकृमीची अंडी त्यानं मरत नाहीत. फार दूषित जागेची वरची माती खरडून खोल पुरा आणि नवा मुरूम पसरा, झाडाची फांदी छाटून ऊन येऊ द्या. लेकरांची नखं कापणं, जेवणाआधी साबणानं हात धुणं, सांभार-मेथी-पालक दोन पाण्यांत धुणं, पायात चप्पल, हे आशाताई सांगतातच. आता त्यांच्या हातात गावाचा स्वतःचा आकडा असेल.

कुत्र्यांच्या औषधात पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, आणि गोल-अंकुशकृमीवर पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल. बाजारात दोन-तीन औषधं एकत्र असलेली, दर दहा किलोला एक अशी गोळी मिळते. तीच मोकाट कुत्र्यांना सोयीची. निवड आणि मात्रा पशुवैद्यकाला ठरवू द्या, गाभण कुत्रीच्या बाबतीत तर नक्कीच. ढोरांचं अल्बेंडाझोल उरलं म्हणून कुत्र्याला पाजू नका. गोळी खाण्यात लपवून एकेका कुत्र्याला द्या, गिळेपर्यंत थांबा, फोटोच्या यादीवर खूण करा. इकायनोकॉकसचा हिशेब धरला तर दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यायला हवं. मोकाट कुत्र्यांत ते जमणं कठीण, निदान वर्षातून चार वेळा तरी द्या. आणि गोळी दिल्यावर पुढचे दोन दिवस त्या भागातली विष्ठा हातमोजे घालून उचला व जाळा किंवा खोल पुरा. औषधानं जंत मरतो, त्याच्या पोटातली अंडी मरत नाहीत. पिल्लं हाताला येत असतील तर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला पायरँटेलचं औषध, आईलाही सोबत. औषधाच्या दिवशीच रेबीजची लस देण्याची सोय होते का ते पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. तालुक्याला नसबंदी केंद्र असेल तर दुधावरच्या कुत्र्या सोडून बाकीच्यांची यादी त्यांना द्या.

रजिस्टर एकच असू द्या आणि ते ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, कुणाच्या घरी नको. पशुधन पर्यवेक्षक बदलून जातो, आरोग्य सेवक बदलून जातो, आणि त्यांच्याबरोबर वहीही जाते असं फार ठिकाणी होतं. आरोग्य केंद्राला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला फेरीमागं एक पानाची नक्कल पाठवा, अंगणवाडीच्या भिंतीवर जागेप्रमाणे निकाल लावा, त्यात कुणाच्या घराचं किंवा दुकानाचं नाव नको. फेरी संपली की शेवटच्या पानावर पुढच्या फेरीचा महिना आणि कुठल्या जागेला कोण जाणार त्यांची नावं लिहून, सरपंचांची सही घेऊन मगच रजिस्टर बंद करा.